एबीएसचा पिवळा दिवा आणि चाकाचा सेन्सर : वाचकांचे वाहनविषयक प्रश्न

पावसाळा संपत आला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांमध्ये एबीएसच्या, म्हणजे जोरात ब्रेक दाबल्यावर चाके लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या, पिवळ्या दिव्याविषयीची पत्रे वाढतात. या वेळी नागपूर आणि परिसरातून आलेली बहुतेक पत्रे याच विषयावर असल्यामुळे हे सदर आम्ही त्यालाच दिले आहे. यांतील बऱ्याच वाचकांनी दोष नक्की कोठे आहे हे कळण्याआधीच एखादा भाग विकत घेतलेला आहे, आणि म्हणून तपासणीच्या क्रमावर आम्ही मुद्दाम जास्त जागा खर्च केली आहे.

प्रश्न : माझी हॅचबॅक गाडी सात वर्षांची आहे. ऑगस्टमध्ये वर्धा रोडच्या सर्व्हिस रोडवर चिखलाने भरलेल्या खड्ड्यातून गेल्यानंतर एबीएसचा दिवा लागला. गॅरेजमध्ये स्कॅनर लावल्यावर पुढच्या डाव्या चाकाच्या सेन्सरचा कोड निघाला, म्हणून सेन्सर बदलला. आठवडाभर दिवा बंद राहिला आणि पुन्हा लागला. आता एबीएसचे मॉड्यूलच गेले असावे, असे मेकॅनिकचे मत आहे. खर्च फार मोठा आहे. मी काय करावे?
– एक वाचक, मनीषनगर

उत्तर : मॉड्यूल, म्हणजे एबीएसचे नियंत्रण करणारा इलेक्ट्रॉनिक भाग, बदलण्यास आपण तूर्त होकार देऊ नये. स्कॅनरवर निघालेल्या कोडचा अर्थ इतकाच असतो, की त्या चाकाकडून येणारा सिग्नल मॉड्यूलला नीट मिळत नाही. चाकाचा वेग सांगणारा हा सिग्नल चाकाबरोबर फिरणाऱ्या दातेरी किंवा चुंबकीय रिंगपासून सुरू होतो आणि सेन्सरचे टोक, सेन्सरची वायर, चाकाच्या खोबणीतला कपलर (वायरी जोडणारा प्लग) व इंजिनच्या कप्प्यातले वायरिंग एवढा प्रवास करून मॉड्यूलपर्यंत पोहोचतो. वाटेत कोठेही खंड पडला, तरी कोड बहुधा तोच निघतो. आपला दिवा आठवडाभर बंद राहिला, याचा अर्थ नवा सेन्सर बसवताना वायर हलली, कपलर काढून पुन्हा लावला गेला आणि सैल झालेला संपर्क तात्पुरता जुळला, अशी शक्यता आम्हाला सर्वांत दाट वाटते.

तपासणीची सुरुवात पाना हातात न घेताच करता येते. किल्ली फिरवून गाडी जागेवरच उभी ठेवा आणि दिव्याकडे पाहा. निरोगी गाडीत हा दिवा काही सेकंद लागून विझतो. तो विझतच नसेल, तर मॉड्यूलला चाक फिरण्याआधीच विद्युत दोष दिसला आहे, म्हणजे वायर तुटली आहे, बॉडीला लागली आहे किंवा कपलरमध्ये संपर्क नाही. याउलट दिवा आधी विझून गाडी थोडी चालल्यावर पुन्हा लागत असेल, तर वायरिंगचा प्राथमिक तपास निर्दोष ठरला असून चाक फिरत असताना सिग्नल येत नाही, असे समजावे. मग लक्ष रिंगकडे, सेन्सर आणि रिंग यांच्यातील अंतराकडे किंवा वळणावर ताणल्या जाणाऱ्या वायरकडे वळवावे. एका पैशाचाही खर्च नसलेल्या या निरीक्षणाने अर्धे काम होते आणि मेकॅनिकला ते आपणहून सांगणे हिताचे असते.

यानंतर स्कॅनर. बाजारात मिळणारी छोटी ब्लूटूथ उपकरणे बहुधा इंजिनाचेच कोड वाचतात. एबीएसचे कोड चॅसिस गटातले असून ते ‘सी’ या अक्षराने सुरू होतात, त्यामुळे एबीएसच्या मॉड्यूलशी बोलू शकणारा स्कॅनर असलेले गॅरेज निवडावे. कोड पुसण्याआधी तो लिहून घेण्याचा आग्रह आपण धरला पाहिजे. त्यानंतर मेकॅनिकला शेजारी बसवून मोकळ्या, सरळ रस्त्यावर गाडी वीस-तीसच्या वेगाने चालवावी आणि स्कॅनरवर चारही चाकांचे वेग एकत्र पाहावेत. तीन चाके एकच वेग दाखवत असताना चौथे शून्यावर राहते, मध्येच कोसळते की सुरुवातीला गप्प राहून नंतर जागे होते, यावरून दोषाचे स्वरूप पुष्कळ स्पष्ट होते.

आता चाक पाहू. गाडी जॅकवर उचलून खाली घोडी लावल्याशिवाय कोणीही हात आत घालू नये. स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून सेन्सरची वायर कोठे ताणली जाते, कोठे टायरला घासते आणि ती धरून ठेवणाऱ्या रबरी पकडी जागेवर आहेत का, हे पाहावे. आपल्याकडची काळी माती येथे विशेष त्रास देते. माती चुंबकीय नसल्यामुळे नुसत्या चिखलाने सिग्नल सहसा बंद पडत नाही. पण हाच चिखल वायरच्या वळणाभोवती बसून वाळला की दगडासारखा टणक होतो, वायरला आपल्या वजनाने खाली ओढतो आणि सस्पेन्शनच्या प्रत्येक हालचालीबरोबर तिला एकाच जागी वाकवत राहतो. उन्हाळ्यात आधीच कडक झालेले वायरचे आवरण अशा ठिकाणी चिरते. वरून आवरण अखंड दिसत असतानाही आतील तांब्याच्या तारा तुटलेल्या असू शकतात. म्हणून वायर बोटांमध्ये धरून थोड्या थोड्या अंतरावर हलकेच वाकवून पाहावी. तुटलेल्या जागी ती अनैसर्गिक मऊ लागते आणि सहज दुमडते.

सेन्सर बाहेर काढल्यास त्याचे टोक नीट पाहावे. सेन्सरमध्ये चुंबक असल्यास ब्रेकच्या डिस्कमधून झिजलेले लोखंडाचे बारीक कण त्याच्या टोकावर दाढीच्या खुंटांसारखे उभे राहिलेले दिसतात. ते कापडाने पुसून काढावेत, पण खरवडू नयेत. सेन्सर ज्या भोकात बसतो, त्याच्या काठावर गंजाचा पापुद्रा फुगला असेल तर सेन्सर तिरपा होतो किंवा वर उचलला जातो. सेन्सर आणि रिंग यांच्यातले अंतर साधारणतः एक मिलिमीटरच्या आगेमागे असते, त्यामुळे गंजाचा पातळ थरही त्यात मोठा फरक पाडतो. नवा सेन्सर बसवताना ही बैठक बारीक पॉलिश पेपरने चकाकेपर्यंत साफ केली गेली होती का, असा प्रश्न आपण मेकॅनिकला जरूर विचारावा. जुना सेन्सर गंजून अडकला असेल, तर गंज सोडवणारे तेल टाकून थांबावे आणि तो दोन्ही बाजूंना हलवत काढावा. हातोडीने ठोकल्यास प्लॅस्टिकचे टोक आत मोडून राहते आणि अर्ध्या तासाचे काम दिवसभराचे होते.

मल्टिमीटर लावण्याआधी सेन्सर कोणत्या प्रकारचा आहे, हे कळले पाहिजे. जुन्या पद्धतीचा सेन्सर म्हणजे चुंबकावर गुंडाळलेली तारेची कॉइल. तो स्वतःच वीज निर्माण करतो. त्याचा रेझिस्टन्स बहुतेक गाड्यांत एक ते अडीच हजार ओहमच्या दरम्यान मिळतो आणि चाक हाताने फिरवल्यावर मीटरच्या एसी व्होल्ट विभागात थोडेसे व्होल्टेज दिसते. अलीकडच्या गाड्यांमधील सेन्सर मात्र आत इलेक्ट्रॉनिक चिप असलेले असतात. त्यांना मॉड्यूलकडून वीजपुरवठा लागतो आणि ते व्होल्टेजऐवजी करंटच्या भाषेत, सामान्यतः 7 आणि 14 मिलिअँपिअर यांच्यात उड्या घेत, सिग्नल पाठवतात. अशा सेन्सरला ओहममीटर लावून निष्कर्ष काढणे चुकीचे आहे. काही वेळा त्यात चांगला सेन्सर बिघडतो. तेथे कपलर सुटा करून, किल्ली चालू ठेवून, मॉड्यूलच्या बाजूकडून पुरवठा येतो का हे मोजावे. पुरवठा येत नसेल तर कितीही सेन्सर बदलले तरी उपयोग होणार नाही, कारण दोष कपलरच्या पलीकडे आहे. तो पुरवठा मोजत असताना दुसऱ्या माणसाने वायरिंग हलवत राहावे. आकडा उड्या मारू लागला की तुटलेली जागा सापडली.

अनेक गाड्यांमध्ये पुढच्या दोन्ही चाकांचा सेन्सर सारखाच असतो. आपल्या गाडीत तसे असेल, तर डावीकडचा सेन्सर उजवीकडे बसवून पाहणे ही सर्वांत स्वस्त आणि खात्रीची परीक्षा आहे. कोड उजवीकडे गेला तर नवा आणलेला सेन्सरच सदोष आहे, आणि डावीकडेच राहिला तर रिंग किंवा वायरिंग. मॉड्यूलचा विचार या सगळ्यानंतर करावा. ते बदलायचे झाल्यास ब्रेकचे ऑइल उतरवावे लागते, नवे मॉड्यूल त्या गाडीसाठी कोड करून घ्यावे लागते आणि आतल्या व्हॉल्व्हमधील हवा बऱ्याच गाड्यांत स्कॅनरच्या साहाय्यानेच काढावी लागते. इतका व्याप केवळ अंदाजावर करणे आम्हाला मुळीच मान्य नाही.

एक गोष्ट सांगायची राहिली. दोष दूर झाल्यावरही काही गाड्यांत दिवा लगेच विझत नाही. चारही चाकांचा सिग्नल व्यवस्थित येत असल्याचे मॉड्यूलला गाडी थोडा वेग घेईपर्यंत कळत नाही. त्यामुळे गॅरेजच्या दारात दिवा दिसला म्हणून काम फसले असे समजू नये, एक फेरी मारून यावे.

प्रश्न : माझ्या गाडीत कोणताही दिवा लागत नाही. मात्र सिग्नलवर गाडी थांबत असताना अगदी शेवटच्या क्षणी ब्रेकचे पॅडल पायाखाली थरथरते, कुरकुर असा आवाज येतो आणि गाडी अपेक्षेपेक्षा दोन-तीन फूट पुढे जाऊन थांबते. पॅड आणि डिस्क दोन्ही नवीन टाकले, तरी फरक पडला नाही.
– एक वाचक, कामठी रोड

उत्तर : आपल्या गाडीचे एबीएस गरज नसताना काम करत आहे, आणि समोर दुचाकी उभी असताना ते दोन-तीन फूट धोक्याचे आहेत, म्हणून ही दुरुस्ती लांबणीवर टाकू नये. कॉइलच्या सेन्सरचा सिग्नल चाकाचा वेग घटेल तसा क्षीण होत जातो. चारही चाकांचा सिग्नल एकाच वेळी क्षीण झाला तर मॉड्यूल गोंधळत नाही. पण एका चाकाचे अंतर गंजामुळे वाढले असेल, तर बाकीची चाके अजून वेग दाखवत असतानाच ते एक चाक आधी शून्यावर जाते. मॉड्यूलला वाटते की हे चाक लॉक झाले, आणि ते त्या चाकावरचा ब्रेकचा दाब सोडून देते. सिग्नल तुटण्याचा हा काळ इतका अल्प असतो, की दोष म्हणून त्याची नोंद होत नाही आणि दिवाही लागत नाही.

दुसरे आणि तितकेच नेहमीचे कारण म्हणजे तडकलेली रिंग. काही गाड्यांत दातेरी रिंग ड्राइव्ह शाफ्टच्या बाहेरील सांध्यावर घट्ट दाबून बसवलेली असते. तिच्याखाली गंज फुगला की रिंग एका ठिकाणी चिरते आणि त्या चिरेपाशी दोन दातांमधले अंतर वाढते. चाक हाताने सावकाश फिरवत, टॉर्चच्या उजेडात रिंगचा पूर्ण वेढा पाहावा. चीर केसासारखी बारीक असू शकते, म्हणून आधी तारेच्या ब्रशने माती आणि ग्रीस काढून टाकावे. काही गाड्यांसाठी रिंग सुटी मिळते. ती घेताना दातांची संख्या जुन्या रिंगइतकीच आहे याची खात्री करावी आणि बसवण्याआधी शाफ्टवरचा गंज धातूपर्यंत साफ करून घ्यावा, अन्यथा नवी रिंगही त्याच पद्धतीने फुटेल.

संशयाची खात्री करून घ्यायची असल्यास निर्मनुष्य मैदानात, अगदी हळू वेगात, एबीएसचा फ्यूज काढून ब्रेक दाबून पाहावा. थरथर नाहीशी झाली तर निदान बरोबर आहे. फ्यूज तेथल्या तेथे परत लावावा. फ्यूज काढूनच गाडी वापरण्याचा सल्ला आपल्याला कोणी दिला, तर तो स्वीकारू नये. वेडीवाकडी झालेली डिस्क बहुधा जास्त वेगात ब्रेक लावल्यावर जाणवते आणि तिच्यासोबत एबीएसच्या पंपाचा कुरकुर आवाज येत नाही, एवढ्यावरून दोन्हींतला फरक ओळखता आला असता आणि आपला पॅड-डिस्कचा खर्च वाचला असता.

प्रश्न : मागच्या चाकाचे बेअरिंग आवाज करत होते म्हणून बदलले. तेव्हापासून एबीएसचा दिवा गाडी निघाल्याबरोबर लागतो. बेअरिंग बदलण्याचा आणि सेन्सरचा संबंध काय?
– एक वाचक, हिंगणा एमआयडीसी परिसर

उत्तर : संबंध थेट आहे. अनेक नव्या गाड्यांत दातेरी रिंग नसते. बेअरिंगच्या एका बाजूच्या सीलमध्येच आलटून पालटून उत्तर-दक्षिण ध्रुव असलेली चुंबकीय पट्टी बसवलेली असते. ही बाजू सेन्सरकडे असावी लागते. बेअरिंग उलटे बसवले तरी चाक उत्तम फिरते, आवाजही जातो, पण सेन्सरसमोर वाचण्यासारखे काहीच नसते. चुंबकीय पट्टी नसलेले बेअरिंग दुकानदाराने दिले असल्यासही हेच होते. बसवण्यापूर्वी सीलच्या दोन्ही बाजूंना हलकी टाचणी लावून पाहिली, की चुंबकाची बाजू कळते. त्या बाजूला हातोडी, प्रेसचे टोक किंवा मोठे लोहचुंबक लागू देऊ नये. दाबून बसवलेले बेअरिंग बाहेर काढताना बहुधा निकामी होते, त्यामुळे नवे आणण्याची तयारी ठेवावी. हा खर्च गॅरेजने सोसावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

प्रश्न : 23 सप्टेंबर 2023 रोजी अंबाझरी भागात आलेल्या पुरात माझी गाडी सीटपर्यंत पाण्यात होती. इंजिनाचे काम तेव्हाच झाले. पण दमट हवेत किंवा पावसाळी सकाळी एबीएसचा दिवा लागतो आणि ऊन वाढले की जातो. प्रत्येक वेळी वेगळ्या चाकाचा कोड निघतो.
– एक वाचक, अंबाझरी लेआउट

उत्तर : वेगवेगळ्या चाकांचे कोड आलटून पालटून येतात, यावरून दोष कोणत्याही एका चाकाजवळ नसून चारही चाकांच्या वायरी जेथे एकत्र येतात तेथे आहे, असे मानून तपास करावा. बॅटरीचे निगेटिव्ह टर्मिनल काढून एबीएस मॉड्यूलचा मोठा कपलर उघडावा आणि प्रत्येक पिन भिंगातून पाहावी. तांब्यावर हिरवट भुकटी दिसली तर पाणी तेथवर पोहोचलेले आहे. मागच्या चाकांच्या वायरी बऱ्याच गाड्यांत गालिच्याखालून किंवा मागच्या सीटखालून जातात, तेथील कपलरही उघडून पाहावे लागतील. मॉड्यूलची अर्थिंग ज्या बोल्टने बॉडीला जोडलेली असते, तो बोल्ट काढून खालची जागा घासून स्वच्छ करणे तर कोणत्याही पूरग्रस्त गाडीत पहिल्या दिवशीच व्हायला हवे.

थोडा गंज असल्यास विद्युत संपर्कासाठीचा क्लीनर आणि मऊ ब्रश पुरतो. पिन खाल्ली गेली असेल तर ती बदलावी. येथे एक धोका ध्यानात ठेवावा. पाणी वायरच्या आवरणाखालून केशाकर्षणाने बरेच आत शिरते, त्यामुळे टोकाशी तार काळी पडलेली आढळली तर चकचकीत तांबे लागेपर्यंत वायर मागे कापत जावे आणि मगच जोड द्यावा. जोड सोल्डर करून वर गोंद असलेली हीट-श्रिंक नळी चढवावी. नुसती चिकटपट्टी पुढच्या पावसापर्यंतही टिकत नाही. चाकाजवळ जो भाग सतत वाकतो, तेथे मात्र जोड देऊच नये. त्या ठिकाणी वायरसह पूर्ण सेन्सर बदलावा. पुरानंतर ब्रेक ऑइल बदलले नसेल तर तेही करून घ्यावे. ते हवेतली आर्द्रता शोषून घेते, म्हणून पुराचा प्रश्न नसलेल्या गाडीतही बहुतेक कंपन्या ते साधारणतः दर दोन वर्षांनी बदलण्यास सांगतात.

प्रश्न : पुढच्या आठवड्यात कुटुंबासह समृद्धी महामार्गाने मुंबईला जायचे आहे. एबीएसचा पिवळा दिवा लागला आहे, पण ब्रेक नेहमीसारखे लागतात. आल्यावर काम केले तर चालेल का?
– एक वाचक, त्रिमूर्तीनगर

उत्तर : आधी काम करावे. फक्त पिवळा दिवा असताना साधे ब्रेक पूर्ण क्षमतेने लागतात हे खरे आहे, पण 701 किलोमीटरच्या आणि मोटारींसाठी 120 ची कमाल वेगमर्यादा असलेल्या मार्गावर एकाएकी जोरात ब्रेक दाबण्याची वेळ आली, तर चाके लॉक होऊ शकतात आणि लॉक झालेल्या चाकांनी गाडी वळवता येत नाही. इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी यंत्रणा याच चार सेन्सरांवर चालते, त्यामुळे आपल्या गाडीत ती असल्यास तीही या वेळी बंद आहे. शहरात गॅरेजपर्यंत जाताना पुढच्या गाडीपासून अंतर वाढवून ठेवावे. चाके घसरू लागल्याचे जाणवले, तर पॅडल किंचित सोडून पुन्हा दाबावे. एबीएस चालू असलेल्या गाडीत हे कधीही करू नये. तेथे पॅडल जोरात दाबून तसेच धरून ठेवायचे असते.

पिवळ्या दिव्याबरोबर ब्रेकचा लाल दिवाही लागला तर परिस्थिती वेगळी आहे. हँडब्रेक ओढलेला नाही ना आणि ब्रेक ऑइल किमान रेषेच्या वर आहे ना, हे तेथेच थांबून पाहावे. दोन्ही ठीक असतील तर पुढच्या-मागच्या चाकांतील दाबाची विभागणी करणारी यंत्रणा बंद पडलेली असू शकते आणि जोरात ब्रेक लावल्यास मागची चाके आधी लॉक होऊन गाडी आडवी फिरण्याची भीती असते. अशी गाडी टोइंग व्हॅननेच न्यावी.

प्रश्न : जुनी गाडी घेत आहे. 2020 ची आहे. किल्ली फिरवल्यावर एबीएसचा दिवा लागतच नाही. विक्रेता म्हणतो, दिवा लागत नाही म्हणजे दोष नाही. हे बरोबर आहे का?
– एक वाचक, वाडी

उत्तर : बरोबर नाही. एप्रिल 2019 पासून भारतात विकल्या जाणाऱ्या सर्व नव्या मोटारींना एबीएस बंधनकारक आहे, त्यामुळे या गाडीत ते असलेच पाहिजे आणि किल्ली फिरवताच दिवा काही सेकंद लागलाच पाहिजे. तो लागत नसेल तर बल्ब काढलेला, आतून झाकलेला किंवा दुसऱ्या दिव्याच्या वायरीला जोडलेला असू शकतो. एबीएस वाचणारा स्कॅनर लावून मॉड्यूल उत्तर देते का आणि चारही चाकांचे वेग दिसतात का, हे स्वतः पाहिल्याशिवाय विसार देऊ नये. विक्रेता स्कॅनर लावू देत नसेल, तर दुसरी गाडी पाहावी.